शिवल्यांच्या मॅडम

घरत मॅडमच्या शोकसभेत पहिल्याच वक्त्याने त्यांना 'मृदू स्वभावाच्या' म्हटलं. दुसऱ्याने 'मृदुभाषी' म्हटलं. तिसरे गृहस्थ त्यांच्या हाताखाली शिकलेले होते, तरी ते म्हणाले की मॅडमनी आयुष्यात कधी कोणाला दुखवलं नाही. पेणच्या त्या हॉलमध्ये पंखे फिरत होते, फोटोला ताजा हार होता आणि मी मागच्या रांगेत बसून संतापत होतो. मेलेल्या माणसाला असं सपाट करून टाकायची काय घाई असते आपल्याला! ज्या बाईने उभं आयुष्य रागात काढलं, तिचा राग तरी तिच्याजवळ राहू द्यावा. पण मी उठून काही बोललो नाही. न बोलणं ही माझी जुनी सवय आहे. म्हणून आता लिहायला बसलो आहे.

मॅडम मृदू नव्हत्या. त्या मृदुकाय शिकवायच्या, शंख-शिंपल्यांतले मऊ अंगाचे प्राणी.

रोह्याच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. राहायला पेणला, गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत. रोज एसटीने नागोठण्यावरून रोह्याला यायच्या. माहेर धरमतरच्या खाडीकाठचं, मिठागरातल्या माणसांचं. वर्गात त्यांची मराठी पुस्तकातली असे. राग आला की खाडीकाठची बोली वर यायची, आणि राग तर रोजच यायचा. मुलांनी खाडीतल्या खेकड्यावरून त्यांचं नाव 'चिंबोरी' ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या, "चिंबोरी आडवी चालते. मी सरळ अंगावर येते. नाव बदला."

त्यांचा पहिला तास मला अजून दिसतो. हातात स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, आत खाडीचं पाणी आणि शिवल्या. शिवल्या म्हणजे बाजारात कोणी तिसऱ्या म्हणतात, त्याच. एक शिवली त्यांनी काचेच्या भांड्यात ओल्या वाळूवर ठेवली, वर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "ती उघडेपर्यंत कोणी बोलायचं नाही. बाक हलवायचा नाही. तिला कान नाहीत, पण तुमचा हलकटपणा तिला कळतो."

आम्ही बसलो. वर्गात इतकी शांतता त्याआधी कधी झाली नव्हती. बऱ्याच वेळाने शिंपल्यातून एक फिकट जीभ, म्हणजे तिचा पाय, बाहेर आली, वाळू चाचपू लागली आणि शिवली हळूहळू उभी राहून स्वतःला आत ओढून घेऊ लागली. शेवटी वर उरल्या त्या दोन बारीक नळ्या. एकीने पाणी आत, दुसरीने बाहेर.

"डोकं कुठाय?" मॅडमनी विचारलं.

आम्ही वाकून बघू लागलो.

"नाय! शोधू नका. तिला डोकंच नाय. तिच्या पूर्वजांना होतं. हिच्या वंशाने ते टाकून दिलं, कारण चिखलात गपचूप बसून पाणी गाळून खायला डोकं कशाला हवं? आणि हिचा भाऊबंद कोण, ठाऊक आहे? माकूळ, इंग्रजीत स्क्विड! त्याने शिंपला आत ढकलला आणि डोकं वाढवलं. एकाने घर ठेवलं, डोकं सोडलं. दुसऱ्याने घर सोडलं, डोकं ठेवलं. दोघंही माणसाच्या कितीतरी आधीपासून जगतायत. तेव्हा उत्क्रांती म्हणजे शिडी आणि आपण वरच्या पायरीवर, असं परीक्षेत कोणी लिहिलं तर मी पेपर फाडीन. डोकं ठेवून तुम्ही तरी काय दिवे लावलेत?"

त्या डब्यापायी एसटीत भांडणं व्हायची. एकदा मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो. गडबच्या थांब्यावर ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि झाकण उडून खाडीचं पाणी कंडक्टरच्या पायावर गेलं.

"बाई, काय हो ह्ये? मासली बसमधी आनायची नाय, किती येला सांगायचा?"

"मासळी नाही. माझे विद्यार्थी आहेत."

"इद्यार्थी?" कंडक्टरने वाकून डब्यात पाहिलं. "मंग यांचा पास दाखवा."

सगळी बस हसली. मॅडमही हसल्या असत्या, पण तेवढ्यात पुढच्या सीटवरचा एक माणूस नाक दाबून म्हणाला, "घाण वास येतो." झालं. नागोठणं येईपर्यंत त्या माणसाचं शिक्षण चाललं होतं. "ही घाण? ही घाण गाळते, म्हणून तुमची खाडी खाडी आहे. ती गाळते आणि तुम्ही ओतता. वास कोणाचा येतो, जरा विचार करा." तो माणूस नागोठण्याला उतरला. त्याला तिथेच उतरायचं होतं की नाही, मला शंका आहे.

चुकीचा शब्द त्यांना सोसत नसे. पेणच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मागायला आलेल्या एका माणसाला त्यांनी हाताला धरून थांबवलं होतं. समुद्रफेस म्हणजे समुद्राचा वाळलेला फेस, अशी त्याची समजूत. दुकानदाराचीही तीच. "फेस वाळून दगड होतो होय? माकळाच्या जातीतल्या जनावराचा आत नेलेला शिंपला आहे तो! त्याच्यावर ते पाण्यात वर-खाली होतं. एवढी युगं लागली त्याला हे जमवायला, आणि तुम्ही म्हणता फेस!" दुकानदार म्हणाला, "मॅडम, नाव काय मी ठेवलंय?" त्यावर त्या म्हणाल्या, "ठेवलं नाय, पण रोज घेता ना?"

त्यांचं हे शब्दांवरून भांडणं आम्हाला तेव्हा विक्षिप्तपणा वाटे. एका शब्दाने किती जमीन गडप होते, ते मला पुढे माझ्याच नोकरीत कळलं.

माझी नोकरी सांगतो. मी रोह्याजवळच्या एका कंपनीत पर्यावरण अधिकारी आहे. घर नदीपलीकडे अष्टमीला. मॅडमच्या हाताखाली शिकलो म्हणूनच ही नोकरी मिळाली, आणि हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही. मॅडम मला त्यावरून टोमणे मारायच्या. पुलावर भेट झाली की कुंडलिकेकडे बोट करून विचारायच्या, "दिनेश, काय साहेब, नदी बरी आहे ना? ताप वगैरे?" मी हसून वेळ मारून न्यायचो. पगार चालू असताना माणूस हसायला फार लवकर शिकतो.

आमच्या कंपनीला धरमतरच्या खाडीकाठी बार्जमधून उतरलेला माल ठेवायला जागा हवी होती. जागा ठरली ती मॅडमच्या माहेरगावाला लागून असलेली. भरतीला पाण्याखाली जाणारा, ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा. आजूबाजूला खारफुटीचं कांदळवन, पट्टा मात्र उघडा. तिथे भराव टाकायचा होता. त्यासाठी बाहेरच्या सल्लागारांनी अहवाल केला आणि त्यात लिहिलं: 'सदर चिखलपट्टा निर्जीव असून केवळ मृत शिंपले आढळले.'

मॅडम तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी तो अहवाल वाचला, आणि एवढंच धरून बसल्या की तो 'निर्जीव' शब्द काढला पाहिजे. शब्द गेला तर पट्टा वाचेल, अशी त्यांची खात्री होती. निर्जीव जागेवर भराव टाकता येतो, जिवंत जागेवर कसा टाकतील?

जनसुनावणी गावाबाहेर मांडवात झाली. मंचावर अधिकारी, सल्लागारांचा एक तरुण, आमचे मोठे साहेब आणि कडेला मी. समोर मिठागरवाले, शेतकरी, खाडीत मासळी-शिवल्या धरणाऱ्या बाया. मॅडमची पाळी आली. त्यांनी पिशवीतून मूठभर शिवल्या काढल्या आणि मंचाच्या टेबलावर ठेवल्या.

"हे मृत?"

तरुण नम्र होता. म्हणाला, "मॅडम, आमच्या टीमने ओहोटीला नमुने घेतले. शिंपले भरपूर मिळाले. पण सगळे बंद होते. कुठलीही हालचाल नव्हती. एकही उघडा नव्हता. म्हणून..."

त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. पहिल्या रांगेत पार्वती नावाची मासळीवाली बसली होती, ती मांडीवर हात मारून उठली.

"अगो बाय! बंद म्हनून मेलेल्या? आरं बाबा, उघडी असती तं मेलेली! बंद हाय म्हनूनशी जिती हाय ना!"

शेजारची म्हणाली, "म्हंजे पेनच्या बाजारात आपुन इतकी वर्सां मढी इकतो गो!"

मांडव हसण्याने कोसळायचा बाकी राहिला. तरुणाचा चेहरा पडला. तो वाईट नव्हता, फक्त त्याच्या घरात कोणी शिवल्या शिजवल्या नव्हत्या. पाण्याबाहेर पडली की शिवली जीव मुठीत धरून घट्ट मिटते. स्वयंपाकाआधी उघडी दिसली तर ती मेलेली, फेकून द्यायची. इथल्या कोणत्याही घरात हे सांगावं लागत नाही. त्याच्या टीमने मात्र एवढी जिवंत खाडी हातात घेतली, ती मिटलेली पाहिली आणि मेली म्हणून लिहून टाकली.

मॅडम हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे वळल्या.

"दिनेश, तू प्राणिशास्त्र शिकलास. कोणाकडे शिकलास ते राहू दे. हिला हातात घे आणि सगळ्यांसमोर सांग. जिवंत की मेलेली?"

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते न पाहणं मला नीट कळलं. मी शिवली उचलली. दोन्ही शिंपले अंगठ्याने सरकवून पाहिले. ती आतून घट्ट धरून होती.

"जिवंत आहे, मॅडम."

टाळ्या झाल्या. मी खुर्चीत बसलो. खोटं कशाला सांगू, मला स्वतःचा अभिमान वाटला. नोकरी गेली तर जाऊ दे, असंही वाटलं.

नोकरी गेली नाही. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बरं झालं तुम्ही बोललात. 'निर्जीव'वरून कोर्टात अडकलो असतो. आता जिवंत आहेत म्हटल्यावर हलवता येतील."

नवा अहवाल आला. 'निर्जीव' शब्द गेला होता. त्या जागी लिहिलं होतं: 'पट्ट्यात सजीव मृदुकाय आढळत असल्याने भरावापूर्वी त्यांचे स्थलांतर व पुनर्वसन करण्यात येईल.' त्यावर परवानगी मिळाली. आणि पुनर्वसनाचं काम बघायला मला नेमलं, कारण मी तज्ज्ञ!

मॅडम अष्टमीला आमच्या घरी आल्या. चप्पल काढली नाही, दारातच उभ्या राहिल्या. बायको म्हणाली, "या ना मॅडम, चहा ठेवते."

"नको गो. आज चहा गिळला तर बाहेर यील." मग माझ्याकडे बघून: "पुनर्वसन! माणसांचं करून झालं व्हय सगळं? धरणाची झाली, कारखान्याची झाली, आता शिवल्यांची वसाहत काढताय? रस्ता, पाणी, समाजमंदिर, सगळं देणार ना?"

"मॅडम, मी खरं तेच बोललो. तुम्हीच विचारलंत."

त्यांनी दाराची चौकट धरली. इतक्या वर्षांत मी त्यांना वाक्य शोधताना पाहिलं नव्हतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मीच इचारलं. शिवली जिती काय मेली, एवढंच इचारलं. चुकलं माझं. चिखलाचं इचारायला हवं होतं." मग एकदम भडकल्या. "आणि तू? जिवंत आहे बोललास नि बसलास! खुर्ची काय तापली होती? पुढे दोन वाक्यं बोलता आली नसती? चिखल तिने घडवलाय आणि चिखलाने तिला. चिंबोऱ्या बिळं करतात म्हणून खाली हवा जाते. कांदळाचं पान कुजतं म्हणून पाण्यात खाणं येतं. ती पाणी गाळते म्हणून माशांची पिल्लं जगतात. यातलं एक उचलून गोणीत भरता येतं होय रे? शिवली चिखलात भाड्यानं राहत नाय!"

मी खोटं बोललो असतो तर कदाचित कोर्टात सगळं अडकलं असतं आणि तो पट्टा काही वर्षं तरी राहिला असता. मी खरं बोललो आणि ते खरं त्यांनी आपल्या सोयीने वापरलं. हे मी कितीतरी वेळा मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. प्रत्येक वेळी हाताला लागतं ते एवढंच की मी बोलल्यावर बसलो.

पुनर्वसनासाठी जागा निवडली ती खाडीच्या वरच्या अंगाला, डंपर जाऊ शकेल अशी. मी लिहून कळवलं होतं की इथे तळाला मुरूम आहे, पाणीही गोडसर आहे, इथे शिवल्या जगणार नाहीत. उत्तर आलं की पर्यायी जागा उपलब्ध नाही. मी कळवून मोकळा झालो. असं मोकळं होण्याचा मला पगार मिळतो.

त्या सकाळी मजुरांनी गोणी आणल्या आणि काठावर उलट्या केल्या. शिवल्यांचे ढीग पडले. रस्त्याला खडी टाकावी तसे. कंपनीने फोटोग्राफर बोलावला होता. सफेद टोप्या, फलक, सगळं होतं. मॅडम कधी आल्या ते मला कळलं नाही. पाहिलं तेव्हा त्या साडी खोचून पाण्याच्या कडेला बसल्या होत्या. हातात खुरपं. मुरमाच्या फटीत जिथे थोडा गाळ साचला होता, तिथे त्या खळगा करत होत्या आणि ढिगातली एकेक शिवली उचलून उभी रोवत होत्या. पायाची बाजू खाली, नळ्यांची वर.

मी जवळ गेलो. "मॅडम, जगतील?"

"नाय."

"मग?"

"मग काय? उलट्यापालट्या फेकल्यात. मरायचं तं नीट बसून मरू देत."

मागून फोटोग्राफर ओरडला, "साहेब, त्या मावशींना जरा बाजूला घ्या ना, फ्रेममध्ये येतात."

मी काही म्हणायच्या आत मॅडम उठल्या. सरळ चालत फलकाच्या पुढे, बरोबर मधोमध गेल्या, कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि पुन्हा खाली बसल्या. फोटोग्राफरने थोडा वेळ वाट पाहिली आणि तसाच फोटो काढला. तो कंपनीच्या माहितीपुस्तिकेत छापून आला आहे. रंगीत आहे, छान आलाय. खाली लिहिलंय: 'पुनर्वसन मोहिमेत स्थानिक महिलांचा उत्स्फूर्त सहभाग.'

शोकसभेतल्या लोकांनी तिथे यायला हवं होतं. मृदुभाषी म्हणणाऱ्यांनी ती पाठ बघायला हवी होती.

फोटो झाल्यावर टोप्या गोळा केल्या गेल्या, गाड्या निघाल्या. मजूर एक भरलेली गोण काठावर तशीच ठेवून जेवायला गेले. माझी गाडी वर रस्त्यावर थांबली होती, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. भरती सुरू झाली होती. पाणी मुरमावरून पातळ थरात सरकत आलं, मॅडमच्या पावलांना लागलं, मग घोट्यापर्यंत चढलं. रोवलेल्या शिवल्या एकेक करून पाण्याखाली गेल्या. मॅडम मागे सरकल्या, बसल्या, पुन्हा खळगा करू लागल्या. ढीग मोठा होता आणि गाळाच्या फटी थोड्याच होत्या.

"मॅडम, पाणी आलं," मी म्हणालो.

"येणारच. त्याला परवानगी लागत नाय."

त्यांनी मान वर न करता डावा हात मागे केला. मला वाटलं, त्यांना उठायचं आहे. वय झालं होतं, गुडघे दुखायचे. मी काठावरून वाकून माझा हात पुढे केला.

त्यांनी तो झटकला.

"अरे हात काय देतोस? ती गोण सरकव इकडे."

मी बुटांसकट पाण्यात उतरलो आणि गोण सरकवली.